यंत्र साफ करताना कुलूप कोणाचे असावे? खान्देशातील खाद्यप्रक्रिया कारखान्यांसाठी चर्चा

तापीकाठ (जळगाव)

खाद्यप्रक्रियेच्या कारखान्यांत हात सापडण्याचे प्रसंग मोठ्या दुरुस्तीच्या दिवशी क्वचित येतात. ते येतात अडकलेला माल मोकळा करताना, लॉट बदलताना आणि पाळी संपता संपता यंत्र साफ करताना, असे दालमिलच्या देखभालीत मला सातत्याने दिसत आले आहे. मोठी दुरुस्ती असली की मिल बंद असते, फिटर आणि वायरमन दोघेही हजर असतात, मालक स्वतः उभे असतात आणि आज काही चालू करायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. याउलट तुरीचा लॉट संपवून हरभऱ्याचा लॉट लावताना चाळणे आणि स्क्रू कन्व्हेयर साफ करायला जो हेल्पर बसतो, त्याच्यासाठी यंत्र केवळ लाल बटण दाबून थांबवलेले असते, आणि ते बटण जिथे आहे तिथून तो माणूस दिसतही नाही.

दालमिलची रचनाच अशी असते की बादल्यांच्या पट्ट्याने माल वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरचा बूट, म्हणजे तळाचा भाग, जमिनीखालच्या खड्ड्यात, त्याची मोटर वर छताजवळ आणि पॅनेल तिसऱ्याच भिंतीला असते. बुटात माल तुंबला की एक जण खड्ड्यात उतरून हाताने डाळ उपसतो, दुसरा वर पॅनेलपाशी उभा राहतो आणि मधल्या गोंगाटात दोघांचे बोलणे आरोळ्यांवर चालते. वरच्याला ‘लाव’ ऐकू आले की ‘थांब’, यावर खालच्याची बोटे अवलंबून असावीत, ही गोष्ट मला कोणत्याही हिशेबाने मान्य होण्यासारखी वाटत नाही.

स्टॉपचे बटण किंवा इमर्जन्सीचे लाल छत्रीबटण हे नियंत्रणाच्या मंडलातले साधन आहे. ते दाबल्यावर कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) सुटतो, परंतु मोटरकडे जाणारी मुख्य वीज पॅनेलपर्यंत तशीच उभी असते. कॉन्टॅक्टर चिकटला, बटणाच्या वायरिंगमध्ये दोष आला किंवा कोणी हिरवे बटण दाबले, तर यंत्र फिरते. म्हणून वीज तोडायची ती मोटरच्या आयसोलेटरवर (मुख्य वीज तोडणाऱ्या हाताच्या स्विचवर) किंवा ब्रेकरवर, आणि तो ‘बंद’ स्थितीत असताना त्यावर कुलूप लावायचे. आपल्याकडे हे नवीन नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २४ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की वीज तोडण्याचे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकण्यासारखे असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असली पाहिजे. आता तो अधिनियम इतर अनेक कामगार कायद्यांसह २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावून घेतला गेला आहे. अमेरिकेत याच विषयावरचा स्वतंत्र नियम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज ‘लोटो’ (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे वीज तोडून कुलूप आणि सूचनेचा टॅग लावणे) म्हणून शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीच्या पायऱ्या त्यात क्रमाने मांडलेल्या आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या कारखान्यांत कुलूप असलेच तर ते वायरमनच्या पेटीत असते, आणि हात मात्र हेल्परचा आत जातो. ज्याचा हात आत जाणार आहे त्याचे स्वतःचे कुलूप, त्याची एकच किल्ली आणि ती त्याच्याच खिशात, अशी व्यवस्था जोवर होत नाही तोवर भिंतीवर लावलेल्या सुरक्षेच्या फलकांचा उपयोग मर्यादित राहील. पंधरा-वीस माणसांच्या युनिटमध्ये, हंगामी मजूर असताना, ही पद्धत कोणी बसवली आहे का आणि ती कशी टिकवली, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वायरमन (धुळे)

दादा, विषय योग्य वेळी काढलात. आपल्या भागातील एक धोका मला यात सर्वांत आधी मांडावासा वाटतो, तो म्हणजे गेलेल्या विजेचा. फिडर, म्हणजे वीज पुरवणारी लाइन, बंद झाला की मिलमध्ये शांतता होते आणि त्या शांततेतच माणसे अडकलेला माल काढायला यंत्रात हात घालतात, कारण ‘आता लाइटच नाही’ असा समज असतो. ज्या मोटरला कॉन्टॅक्टरचा स्टार्टर आहे, तिची नो-व्होल्ट कॉइल वीज जाताच सुटते आणि वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. परंतु छोट्या चक्क्या, मळणीचे यंत्र, स्लायसर आणि जुने पल्व्हरायझर (दळणयंत्रे) कित्येकदा साध्या रोटरी स्विचवर किंवा मेन स्विचवर चालवलेले असतात. तिथे स्विच ‘चालू’वरच राहिला असेल तर महावितरणची वीज येताच यंत्र आपोआप फिरू लागते. ज्यांच्याकडे आपोआप सुरू होणारा जनरेटर आहे, त्यांच्याकडे तर काही सेकंदांतच वीज परत येते. याशिवाय कॉम्प्रेसर प्रेशर स्विचवर आणि काही एलिव्हेटर लेव्हल सेन्सरवर चालतात, त्यांना सुरू होण्यासाठी कोणाच्या बोटाची गरजच नसते.

त्यामुळे कुलूप कुठे लावायचे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. येणाऱ्या लाइनच्या मेन स्विचवर कुलूप लावून भागत नाही, कारण लाइन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या पुढून जनरेटरची वीज येऊ शकते. कुलूप त्या यंत्राच्या स्वतःच्या आयसोलेटरवर असले, की वीज महावितरणची असो की जनरेटरची, ती तिथेच अडते. ज्या पॅनेलमध्ये एकाच ब्रेकरवर तीन-चार मोटरी जोडलेल्या आहेत, तिथे कुलूप लावायचे म्हणजे सगळी लाइन बंद करावी लागते, आणि मग कोणीही ते लावत नाही. प्रत्येक मोटरजवळ कुलपाचे छिद्र असलेला आयसोलेटर बसवणे हा माझ्या मते पहिला खर्च आहे. कुलुपे त्यानंतर घ्यावीत.

जुन्या मिस्त्रींची एक पद्धत येथे नमूद करतो. ते मेन स्विच पाडून तिन्ही किटकॅट फ्यूजच्या ग्रिप (फ्यूजची तार धरणारे, ओढून काढता येणारे भाग) काढून स्वतःच्या खिशात ठेवत आणि काम संपल्यावरच परत लावत. त्यामागचा विचार अगदी बरोबर होता, परंतु आज मी ती पद्धत पुरेशी मानत नाही, कारण प्रत्येक कारखान्याच्या खणात जादा ग्रिप पडलेल्या असतात आणि घाईत असलेला माणूस सरळ तार टाकूनही लाइन जोडतो. शिवाय चालू भाराखाली ग्रिप ओढली तर ठिणगी उडून हात भाजतो.

केळीवेफर (रावेर)

मी स्वतः लहान युनिट चालवतो, त्यामुळे अडचण मालकाच्या बाजूने मांडतो. कृपया ती टाळाटाळ समजू नये. केळीच्या स्लायसरमध्ये साल, चीक आणि कच्च्या केळीचे तुकडे सतत अडकतात आणि एका पाळीत कितीतरी वेळा तबकडी मोकळी करावी लागते. कढईतले तेल तापलेले असते, पुढचा घाणा तयार असावा लागतो, आणि दर वेळी पॅनेलपर्यंत जाऊन कुलूप लावा, टॅग अडकवा, बटण दाबून खात्री करा, असे म्हटले तर पहिल्या दिवशी सगळे ऐकतील आणि आठवड्याभरात कुलूप खिळ्याला टांगलेले दिसेल. नियम असा हवा की जो खरोखर पाळला जाईल. आमच्याकडील दोन यंत्रे सिंगल फेजवर पिनेने चालतात, बाकीची थ्री फेजवर थेट जोडलेली आहेत. अशा ठिकाणी काय करावे?

तापीकाठ (जळगाव)

भाऊ, आपली अडचण अगदी खरी आहे आणि अनेक ठिकाणी ही पद्धत याच कारणाने मोडते. पिनेवर चालणाऱ्या यंत्राचे उत्तर सोपे आहे. पिन सॉकेटमधून काढून ज्याचा हात आत जाणार आहे त्याने ती स्वतःच्या नजरेसमोर आणि स्वतःच्या ताब्यात ठेवली, तर अमेरिकेच्या त्या नियमातही वेगळ्या कुलपाची गरज धरलेली नाही. थ्री फेजच्या छोट्या यंत्रांनाही औद्योगिक सॉकेट आणि पिन बसवता येते. यंत्राशेजारीच ती असली तर पॅनेलपर्यंतची फेरी वाचते. फक्त पिन दूरच्या भिंतीला असेल आणि मध्ये पोत्यांची थप्पी असेल, तर ती ताब्यात आहे असे म्हणता येणार नाही, मग पिनेवर बसणारा कुलपाचा डबा वापरावा.

उत्पादनाच्या ओघात वारंवार करावी लागणारी लहानसहान कामे त्या नियमात वेगळी धरली आहेत, परंतु त्या जागी तितकेच परिणामकारक दुसरे संरक्षण असले पाहिजे ही अट आहे, आणि आपल्याकडे सवलत लक्षात राहते व अट विसरली जाते. स्लायसरच्या झाकणाला असा इंटरलॉक असावा की झाकण उघडताच मोटर थांबेल आणि झाकण लावल्यानंतरही वेगळे बटण दाबल्याशिवाय ती सुरू होणार नाही. अडकलेले तुकडे काढण्यासाठी लांब दांड्याचे लाकडी किंवा अन्नासाठी योग्य अशा प्लास्टिकचे साधन यंत्राशेजारीच टांगलेले असावे. आणि वीज तोडल्यानंतर तबकडी पूर्ण थांबेपर्यंत हात बाहेर राहावा, कारण जड तबकडी स्वतःच्या वेगाने काही वेळ फिरत राहते. पाती काढून धुण्याचे काम मात्र या सवलतीत बसत नाही. तिथे पूर्ण वीज तोडून कुलूपच हवे.

आणखी एक गोष्ट सुचवतो. एका पाळीत इतक्या वेळा माल अडकत असेल तर तो का अडकतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. पात्याची धार, सोललेल्या केळीवर राहिलेली साल आणि तोंडाशी होणारी गर्दी यांपैकी काही सुधारले, तर हात घालण्याचे प्रसंगच कमी होतील, आणि जो हात आत गेलाच नाही त्याच्यासाठी कुलपाचीही गरज उरत नाही.

मसाला विभाग (नंदुरबार)

मी मिरची दळण्याच्या कारखान्यात पाळीची जबाबदारी पाहते. पथारीवर वाळलेली मिरची हंगामात आत येऊ लागली की माणसे वाढतात आणि त्यांतील बहुतेक जणी आदिवासी पाड्यांवरून आलेल्या असतात. त्यांची बोली भिली, पावरी किंवा अहिराणी असते आणि कागदावर सही करून घेतलेल्या प्रशिक्षणाचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. यंत्रासोबत आलेले टॅग इंग्रजीत होते आणि ते कोणीच वाचत नव्हते. आम्ही ते बाजूला ठेवून प्रत्येकीचे छायाचित्र असलेला टॅग केला आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘माणूस मझार शे (आत आहे), चालू करू नका’ असे लिहिले. वाचता येवो अथवा न येवो, ओळखीचा चेहरा स्विचवर लटकलेला दिसला की हात थांबतो, असा आमचा अनुभव आहे. तरीही टॅग हा केवळ सूचना देतो. हात अडवण्याचे काम कुलूपच करते, म्हणून एकटा टॅग लावणे आम्ही बंद केले.

कायद्याची एक बाजू स्त्रियांच्या बाबतीत फार दुर्लक्षित राहिली आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम २२ नुसार, चालू स्थितीतील चालक यंत्र किंवा शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्राचा कोणताही भाग साफ करणे, त्याला तेल देणे किंवा तो जुळवणे हे काम स्त्रियांना आणि अल्पवयीन कामगारांना देण्यास मनाई होती. प्रत्यक्षात पट्ट्याखाली सांडलेली मिरची झाडण्याचे काम त्यांनाच सांगितले जाते, आणि पट्टा चालू असतानाच सांगितले जाते. साडीचा पदर, ओढणी, काचेच्या बांगड्या आणि मिरचीच्या ठसक्याने भरून आलेले डोळे या सगळ्यांसह फिरत्या पुलीजवळ वाकणे किती धोक्याचे आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

आमच्याकडे कुलुपे आणण्यापेक्षा ती ठेकेदाराच्या माणसांना मिळवून देणे अधिक कठीण गेले. कायम कामगारांना नावानिशी कुलुपे मिळाली; रात्री सफाई करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना मात्र ‘ते उद्या दुसरीकडे जातील’ या कारणाने ती नाकारली गेली. खरे तर पल्व्हरायझरच्या आत बीटरपर्यंत, म्हणजे माल कुटणाऱ्या फिरत्या भागापर्यंत, हात घालणारे तेच होते. शेवटी आम्ही दाराशी क्रमांक घातलेल्या कुलपांचा फळा लावला. पाळीवर येताना प्रत्येकाने आपल्या क्रमांकाचे कुलूप घ्यायचे आणि जाताना परत लावायचे. फळ्यावर एखादी जागा रिकामी असली तर कोणीतरी अजून आत आहे असे धरून आम्ही शोध घेतो, आणि तो माणूस सापडेपर्यंत लाइन सुरू होत नाही.

सुरक्षा अधिकारी (भुसावळ)

वरील चर्चा मुख्यतः विजेभोवती फिरली आहे, म्हणून वीज तोडल्यानंतरही यंत्रात जी ऊर्जा शिल्लक राहते तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कुलूप योग्य जागी लावलेले असताना जेव्हा इजा होते, तेव्हा तिच्यामागे बहुधा ही शिल्लक ऊर्जा असते.

बकेट एलिव्हेटरच्या एका बाजूच्या बादल्या भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या असतात. मोटर बंद करून, कुलूप लावून बुटातील तुंबलेला माल मोकळा केला की त्या वजनाने पट्टा उलटा धावतो. बॅकस्टॉप, म्हणजे उलटे फिरणे अडवणारा भाग, असेल तर तो धरतो. तो झिजलेला असेल तर धरत नाही. म्हणून हात घालण्यापूर्वी पट्टा शिकंजाने किंवा साखळीने बांधणे आवश्यक आहे. पाऊच भरण्याच्या यंत्रात वीज गेल्यावरही सिलिंडरमध्ये हवेचा दाब राहतो आणि तापलेले सीलिंग जबडे त्या दाबाने मिटू शकतात. तिथे हवेच्या लाइनवर असा व्हॉल्व्ह हवा की जो बंद होताना पुढची हवा बाहेर सोडून देईल आणि बंद स्थितीत कुलूपही स्वीकारेल. मोटरला वेग नियंत्रक ड्राइव्ह असेल तर त्यातील कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही भारलेले राहतात, त्यामुळे ड्राइव्हवर जेवढी मिनिटे थांबण्यास लिहिलेले असते तेवढा वेळ त्याच्या टर्मिनलला हात लावू नये. फळांच्या गराच्या कारखान्यात वाफेची जॅकेट असलेली कढई उघडायची असेल तर एकाच व्हॉल्व्हवर विसंबू नये. दोन व्हॉल्व्ह बंद करून त्यांच्यामधला निचरा उघडा ठेवावा, म्हणजे पहिला गळत असला तरी वाफ माणसापर्यंत पोहोचत नाही. टाकीत उतरायचे असेल तर ढवळणारे पाते आणि धुलाईचा कॉस्टिकचा पंप या दोहोंवर कुलूप हवे, आणि बंदिस्त जागेतील हवेची तपासणी, लेखी परवाना आणि बाहेर थांबणारा माणूस हा त्यापुढचा स्वतंत्र विषय आहे.

या संदर्भात ऑक्टोबर २०१२ मधील कॅलिफोर्नियातील घटना प्रत्येक खाद्य कारखान्यात सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते. ट्यूना मासे डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात सुमारे ३५ फूट लांबीच्या वाफेच्या भट्टीत एक कामगार कामासाठी शिरला होता. तो प्रसाधनगृहात गेला असावा असे समजून सहकाऱ्यांनी भट्टीत माल भरला, दार लावले आणि भट्टी सुरू केली. सुमारे दोन तासांनी दार उघडले तेव्हा तो मृतावस्थेत सापडला. २०१५ मध्ये त्या कंपनीने ६० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्या भट्टीच्या स्विचवर त्या माणसाचे एक कुलूप असते, तर ‘तो गेला असावा’ या समजावर कोणालाही भट्टी सुरू करता आली नसती.

पडताळणीविषयीही आग्रहाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी तीच आहे. कुलूप लावल्यावर आसपास कोणी नाही हे पाहून चालू करण्याचे बटण दाबावे, यंत्र हलत नाही याची खात्री करावी आणि नियंत्रण पुन्हा ‘बंद’वर आणावे. वीज तपासायची असेल तर टेस्टर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर आणि पुन्हा चालू लाइनवर लावून पाहावा, म्हणजे टेस्टरच बिघडलेला नाही हे कळते. पॅनेलवरील नावे बदललेल्या मोटरींशी जुळत नसतात, आणि चुकीच्या ब्रेकरवर लावलेले उत्तम कुलूप या एका चाचणीनेच उघडे पडते.

खाद्य कारखान्यासाठी कुलूप निवडताना ते धुलाईत गंजणार नाही, त्याचा रंग उठून दिसेल आणि त्याचा तुकडा पडल्यास सापडेल, हे पाहावे. नायलॉनचे शरीर आणि स्टेनलेस स्टीलचा आकडा असलेली कुलुपे ओल्या विभागात टिकतात. ग्राहकांचे लेखापरीक्षक अन्नात परकी वस्तू जाऊ नये म्हणून साधनांची नोंदवही मागतात, त्या वहीतच कुलुपांची नोंद ठेवली तर वेगळे काम वाढत नाही. स्वच्छतेची वेळापत्रके आपण अन्न परवान्याच्या भीतीने काटेकोर पाळतो. त्याच वेळापत्रकात प्रत्येक यंत्रापुढे त्याच्या आयसोलेटरचा आणि हवेच्या व्हॉल्व्हचा क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे साफ करणाऱ्याला काय बंद करायचे हे त्याच कागदावर मिळेल.

केळीवेफर (रावेर)

सर्वांचे आभार. पिना आणि सॉकेटचे काम मी लगेच हाती घेतो. एक शंका उरते. एखादा माणूस कुलूप लावून, किल्ली खिशात घेऊन घरी निघून गेला तर दुसऱ्या पाळीने काय करावे? मालकाकडे जादा किल्ली ठेवली तर चालेल का?

सुरक्षा अधिकारी (भुसावळ)

जादा किल्ली कार्यालयात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती असली की गरज नसतानाही वापरली जाते आणि मग खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा आपल्या कुलपावरचा विश्वास संपतो. पाळी बदलताना येणाऱ्याने आधी आपले कुलूप लावावे आणि त्यानंतरच जाणाऱ्याने आपले काढावे. एकाच आयसोलेटरवर अनेक कुलुपे लावता यावीत यासाठी अनेक छिद्रांची कडी (हॅस्प) मिळते. एका लाइनवर दहा-बारा जण काम करीत असतील तर सगळ्या आयसोलेटरच्या किल्ल्या एका पेटीत टाकाव्यात आणि त्या पेटीवर प्रत्येकाने आपापले कुलूप लावावे.

तरीही कोणी किल्ली घेऊन गेलाच, तर कुलूप तोडण्याचा अधिकार पाळीप्रमुख किंवा मालक अशा एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे असावा आणि तो लेखी असावा. त्या व्यक्तीने प्रथम तो कामगार कारखान्याच्या आवारात नाही याची प्रत्यक्ष पाहणी करून खात्री करावी, केवळ हजेरीपटावर किंवा कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहू नये. नंतर त्याच्याशी फोनवर संपर्क साधण्याचा शक्य तो सर्व प्रयत्न करावा, यंत्राच्या आत कोणी नाही आणि हत्यारे राहिलेली नाहीत हे पाहावे, आणि त्यानंतरच कुलूप कापावे. दुसऱ्या दिवशी तो कामगार यंत्राकडे जाण्यापूर्वी दारातच त्याला सांगावे की त्याचे कुलूप काढलेले आहे. हे सांगायचे राहून गेले, तर आपले कुलूप अजून जागेवर आहे असे समजून तो अर्धवट राहिलेल्या कामासाठी थेट आत हात घालण्याची शक्यता असते.